केवल कॅसेट सेंटर, शाखा सर्वत्र

गाळा क्रमांक एक शेवटी कवडूला मिळाला आणि केवलराम अकराशे बारा कॅसेटींसह घरी परत आला. परंतु हे अजून झालेलं नाही, असं आपण धरून चालू. केवलरामची बायको दुर्पताबाई तसंच धरून चालते, आणि हिरडाटोल्यात दुर्पताबाईच्या विरुद्ध काही धरून चालण्याची पद्धत नाही.

तर अजून काहीही झालेलं नाही. सकाळचे दहा वाजले आहेत आणि केवलराम आपल्या टपरीत बसला आहे. टपरीवर पाटी आहे : ‘केवल कॅसेट सेंटर. आमच्या शाखा सर्वत्र आहेत.’ सर्वत्र म्हणजे तिरोड्याला एक आणि देवरीला एक. त्यातली तिरोड्याची २००४ साली बंद पडली, देवरीची २००९ साली. पण पाटी रंगवणारा पेंटर त्याआधीच वारल्यामुळे मजकुरात दुरुस्ती करता आली नाही.

मूळ दुकान मात्र सुरू आहे. गाणी ऐकण्यासाठी कॅसेट घेणारा शेवटचा माणूस २०१२ साली आला होता. तोही खरं तर पत्ता विचारायला आला होता, भिडेखातर घेऊन गेला. तेव्हापासून केवलरामचं गिऱ्हाईक म्हणजे धानवाले शेतकरी. कॅसेटमधली पट्टी काढून पऱ्ह्यांवर, म्हणजे धानाच्या रोपांवर, ताणून बांधली की ती वाऱ्याने भुणभुणते आणि पाखरं जवळ येत नाहीत. प्रेमगीतापेक्षा कव्वालीला पाखरं जास्त भितात असं केवलरामचं मत आहे, आणि ते तो न विचारता देतो.

त्या दिवशी ग्रामसेवक हिमांशू आला. हिमांशू गोंदिया शहराचा, त्यामुळे तो वाक्य हिंदीत सुरू करी आणि मराठीत संपवी.

“काका, ये जगह खाली करनी पडेगी. इथून नाली जाणार आहे.”

“माह्या दुकानातून?”

“टेन्शन मत लो. बाजाराच्या नव्या शेडमध्ये पाच गाळे आहेत. चार लिलावात गेले. एक नंबरचा गावातल्या सगळ्यात जुन्या धंद्यासाठी राखीव आहे. अर्ज दोनच आले. एक तुमचा, एक कवडूकाकांचा. त्यांनी धंदा सुरू केल्याचं साल लिहिलंय अठ्ठ्याऐंशी.”

कवडूचं सायकल दुरुस्तीचं दुकान समोरच, चिंचेखाली होतं. तो एका ट्यूबला पाण्यात बुडवून बुडबुड्यांची वाट बघत होता.

“माह्यं सत्त्याऐंशी,” केवलराम म्हणाला.

“प्रूफ?”

“मी सांगून राहिलो न.”

“कागद पाहिजे, काका.”

“उदईनं खाल्ले.”

“लायसन्स वाळवीने खाल्लं?”

“लायसन्स नव्हतंच गा. पन असतं त खाल्लंच असतं.”

हिमांशूने वहीत ‘कागदपत्रे : उदई (संभाव्य)’ असं लिहिलं आणि शुक्रवारच्या ग्रामसभेत पुरावा आणायला सांगून तो निघून गेला.

ही बातमी ऐकून दुर्पताबाईने विळी आडवी केली. गेली अडतीस वर्षं तिचा नवरा सकाळी दहाला घराबाहेर पडत होता आणि सात वाजता परत येत होता. या संसाराच्या यशाचं याहून वेगळं कारण तिला माहीत नव्हतं. अपवाद फक्त लॉकडाऊनचा. त्या काळात केवलराम सलग घरी होता आणि त्याने स्वयंपाकघरातले डबे कॅसेटींसारखे सालवार लावले होते. हळद तिला १९९४ मध्ये सापडली. जिरं अजून सापडलेलं नाही.

“गाळा भेटलाच पायजे,” दुर्पताबाई म्हणाली. “नाही त तुमी घरी बसान, अन् मी टपरीत जाऊन बसन.”

“टपरी त पाडून राहिले.”

“मंग नालीत बसन.”

पुराव्याची युक्तीही तिलाच सुचली, आणि ती कळण्यासाठी केवल कॅसेट सेंटरची कामाची पद्धत समजून घेतली पाहिजे.

त्या काळी लोक गाण्यांची यादी आणून देत आणि केवलराम ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून देई. भरण्याआधी अर्धा मिनिट तो स्वतः बोले : दुकानाचं नाव, तारीख, गिऱ्हाईकाचं नाव, हवामान. इथवर ठीक होतं. पण शाखांना फोन नव्हते आणि केवलरामला पत्र लिहायचा कंटाळा होता. म्हणून मुख्य शाखेचे हुकूमही तो गिऱ्हाईकाच्या कॅसेटमध्येच भरी. गिऱ्हाईक तिरोड्याचं असलं तर त्याने बसमधून उतरल्यावर आधी तिरोडा शाखेत जायचं, तिथे केवलरामच्या आतेभावाला, उदारामला, सुरुवात ऐकवायची आणि मग घरी जायचं. देवरीच्या गिऱ्हाईकाने देवरी शाखेत केवलरामच्या साळ्याला, छोटेलालला. लोक करत. लोकांना वाटे, सगळीकडे असंच असतं.

फक्त १९९८ साली धर्मेंद्र नावाच्या तिरोड्याच्या मुलाने लग्नाच्या घाईत कॅसेट शाखेत ऐकवली नाही. ती सरळ मांडवातल्या भोंग्यावर लागली :

“नमस्कार. केवल कॅसेट सेंटर, शाखा सर्वत्र. आज तारीख नऊ मे अठ्ठ्यान्नव. ऊन लय तपून राहिलं. नवरदेव-नवरीले शुभेच्छा. उदाराम, शाखेत कोंबड्या पाळू नको. गिऱ्हाईकं बोंबलून राहिली का हरेक गान्यात कोंबडा आरवते. आता ऐका सनई.”

उदाराम त्याच मांडवात पंगतीला बसला होता. तो पानावरून उठला आणि तिरोडा शाखा मुख्य शाखेपासून फुटली. पुढची सहा वर्षं ती फक्त कोंबड्यांवर चालली.

सारांश, या उद्योगसमूहाचा संपूर्ण इतिहास तारखांसकट लोकांच्या घरी, गाण्यांच्या आधी, पडून होता. दुर्पताबाईने सरपंच सुमित्राबाईंना गाठून पंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा करवला. दोन दिवसांत एकेचाळीस कॅसेटी जमल्या. आणखी एकोणीस असल्याचं कळलं, पण त्या शेतात कामावर होत्या. त्यांची पाहणी करायला हिमांशू स्वतः चोरखमाऱ्याच्या कालव्यापर्यंत बांधाबांधाने चिखल तुडवत गेला. वहीत नोंद आहे : ‘पुरावा क्र. ४७. लांबी अंदाजे दोनशे फूट, चार खुंट्यांना बांधलेला. ऐकण्यायोग्य नाही. पाहणीच्या वेळी पुराव्यावर बगळा बसलेला होता.’

आता अडचण एकच उरली. कॅसेटी वाजवायच्या कशावर? केवलरामच्या डेकचं रबर तुटून बारा वर्षं झाली होती. तसं रबर आता कुठेच मिळत नव्हतं. शेवटी कवडूनेच एक जुनी ट्यूब गोल कापून त्याचा पट्टा बनवला आणि डेकमध्ये बसवून दिला.

“माह्याच विरोधातला पुरावा वाजवाले मीच रबर देऊन राहिलो,” तो म्हणाला.

“मंग कायले देतेस?” केवलराम म्हणाला.

“दुरुस्तीले आलेलं सामान मी वापस नाही करत.”

पट्टा उत्तम बसला. फक्त तो थोडा जाड असल्याने डेक दीडपट वेगाने फिरू लागला.

शुक्रवारी ग्रामसभा भरली. अध्यक्षस्थानी सुमित्राबाई, टेबलावर डेक, आणि समोर गाव. एरवी ग्रामसभेला नऊ माणसं येत. त्या दिवशी सतरंज्या कमी पडल्या. हिमांशूने पहिली कॅसेट लावली. भोंग्यातून एखाद्या चिडलेल्या खारीचा आवाज आला : “नमस्कार! केवल कॅसेट सेंटर!”

“ये कौन है?” हिमांशू म्हणाला.

“मी होय,” केवलराम म्हणाला.

“हा तुमचा आवाज आहे?”

“तवा जवान होतो.”

ओळख पटवणं भाग होतं. म्हणून सुमित्राबाईंनी केवलरामला उभं करून तेच वाक्य दीडपट वेगाने म्हणायला लावलं. तो तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याला ठसका लागला.

“नाही जुळत,” मागून कोणीतरी म्हणालं.

“अरे पन पुढचं आयका न,” केवलराम वैतागून म्हणाला. “लाईन जाऊन राहिली, ऊन तपून राहिलं, मच्छर चावून राहिले, कोनी टायमावर येत नाही...” आणि त्याच क्षणी भोंग्यातली खारही म्हणाली की लाईन जाऊन राहिली, मच्छर चावून राहिले, कोणी टायमावर येत नाही. इतिवृत्तात त्या ठिकाणी लिहिलं आहे : ‘आवाज जुळत नाही. कुरकुर जुळते. सर्वानुमते मान्य.’

मग एकेक कॅसेट लागत गेली. अठ्ठ्याण्णव. त्र्याण्णव. नव्वद. लोक आपापल्या लग्नांतली, बारशांतली नावं ऐकून माना डोलवत होते. एकोणनव्वद आली आणि कॅसेटी संपल्या.

“कवडूकाका अठ्ठ्याऐंशी,” हिमांशू पेन उचलत म्हणाला. “काका, सॉरी.”

केवलराम खाली बसला. त्याने दुर्पताबाईकडे बघायचं टाळलं, पण दुर्पताबाई जागेवर नव्हतीच. ती घराकडे निघाली होती. दहा मिनिटांनी ती परत आली तेव्हा तिच्या हातात लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक कॅसेट होती.

“लग्नाआधी छोटेलालनं आनून देल्ली होती. म्हने, भावजीनं पाठवली, जपून ठेव. पेटीच्या तळाशी होती.”

“यात काय आहे?” हिमांशूने विचारलं.

“मले काय मालूम? मी कुठी आयकली? दुकानाचं सामान घरी आनत नाही म्हनते हा मानूस. घरी डेकच नव्हता.”

केवलरामचा चेहरा उतरला. “ते राहू द्या न वो,” तो म्हणाला. “एकोननव्वदवाली बस आहे.”

“कशी बस आहे? तुमाले घरी बसाचं हाय काय?”

कॅसेट लागली.

“नमस्कार! केवल कॅसेट सेंटर! आज तारीख दोन नोव्हेंबर सत्त्याऐंशी!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुर्पताबाईने पदर खोचला आणि कवडूकडे पाहिलं. खार पुढे बोलत होती : “दुकान आजच चालू झालं. पयलीच कॅसेट होय. लाईन कवडूच्या दुकानातून घेतली. कवडू म्हनते, दहा वर्सं झाली इथं बसून, आजवर कोनी लाईन नाही मांगली.”

टाळ्या थांबल्या.

“दहा वर्सं?” सगळ्यात जास्त आश्चर्य कवडूलाच वाटलं. “म्हंजे सत्त्याहत्तर? मी त हवेच्या पंपावरचं साल पाहून लिहिलं. पंप मागून घेतला असन.”

हिमांशूने शांतपणे अठ्ठ्याऐंशी खोडून सत्त्याहत्तर लिहिलं. केवलरामने कॅसेट बंद करायला हात पुढे केला.

“हात लावू नका,” दुर्पताबाई म्हणाली. “अजून बोलून राहिले न तुमी.”

“छोटेलाल,” खार म्हणाली, “हे कॅसेट तुह्या बहिनीले दे. तिले इचार, माह्यासंग लगन करते का. हो म्हनाली त देवरीले शाखा काढू, तूच मॅनेजर. नाही म्हनाली त कॅसेट वापस पाठव, कोऱ्या कॅसेटी भेटून नाही राहिल्या. आता ऐका गानी.”

गाणी सुरू झाली. कोणीही ती ऐकत नव्हतं.

“मले त कोनी इचारलंच नाही,” दुर्पताबाई हळूच म्हणाली.

“इचारलं न. छोटेलालनं सांगतलं, हो म्हनाली,” केवलराम म्हणाला.

सुमित्राबाईंनी तिथल्या तिथे देवरीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दुर्पताबाई फोनवर वाकली. “काऊन रे छोटेलाल, सत्त्याऐंशी साली मले इचारलं काऊन नाही?”

पलीकडून छोटेलाल म्हणाला, “बाई, मले मॅनेजर व्हाचं होतं.”

केवलराम उभा होता. दुकान गेलं होतं, गाळा गेला होता, तरी तो एवढंच म्हणाला, “मंग... आता?”

“आता काय आता?”

“म्हंजे... उत्तर.”

हिमांशू घसा खाकरून म्हणाला, “मॅडम, ये विषय अजेंड्यावर नाही.”

“आयत्या वेळचे विषय,” सुमित्राबाई म्हणाल्या. “अध्यक्षांच्या परवानगीनं. बोल वो दुर्पता.”

सतरंजीवरचं अख्खं गाव पुढे सरकलं. दुर्पताबाईने डेकमधून आपली कॅसेट काढली, पुसली, पुन्हा लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि हिमांशूला म्हणाली, “असं तोंडी नाही सांगत मी. कागद घ्या, लिहा.” ती सांगत गेली आणि हिमांशू ते सरकारी भाषेत घालत गेला. तो अर्ज आवक क्रमांक पडून आजही पंचायतीत विचाराधीन आहे :

‘विषय : अडतीस वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मुदत मिळणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयी सविनय सादर करते की, सदर प्रश्न अर्जदारास आज रोजी प्रथमच कळला. तरी त्यावर विचार करण्यास अडतीस वर्षांची मुदत मिळावी. निर्णय होईपर्यंत प्रश्नकर्त्यास अकराशे बारा कॅसेटींसह गाळा क्रमांक एकमध्ये, कवडू यांच्या शेजारी, सकाळी दहा ते सायंकाळी सात या वेळेत शासनाने ठेवून घ्यावे. दुपारचा डबा अर्जदार पाठवील. उत्तर नकारार्थी असल्यास कॅसेट परत करण्यात येईल. ती अद्याप परत करण्यात आलेली नाही, याची कृपया नोंद घेण्यात यावी, ही नम्र विनंती.’