परीक्षेची दाढ

परीक्षक महाशय, माझ्या भाचीला नापास तुम्ही केलंत! ना तिचा हात चुकला, ना माझी दाढ. चुकली ती तुमची जीभ!

दातांच्या डॉक्टरीच्या शेवटच्या परीक्षेला पेशंट ज्याचा त्यानं आणायचा असतो. नेमकी त्याच वर्षी माझी दाढ किडली तेव्हा बहिणीच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले! चार महिने ती कीड मी पोटच्या पोरासारखी सांभाळली. बायको रोज टॉर्च मारून बघायची. "अहो, खोल नाही ना गेली? पोरीचं वर्ष जाईल!"

आदल्या दिवशी भाचीनं बजावलं, "मामा, हा दाताच्या रंगाचा मसाला दिव्यानं घट्ट होताना आक्रसतो. एकदम गोळा कोंबला तर कडेला फट पडते, पाणी झिरपतं, आत पुन्हा कीड! म्हणून पातळ थर द्यायचे, एकेका थरावर निळा दिवा धरायचा. आणि दाढ कोरडी हवी. लाळ लागली की संपलं. काही झालं तरी तोंड मिटू नका!"

"अगं, तीस वर्षं कचेरीत काढलीत मी. आ वासून बसायची सवय आहे मला!"

गालात कापसाच्या सुरळ्या, जिभेखाली लाळ ओढणारी नळी. पाणघोड्यासारखा पडून होतो. भाचीनं मसाला धरून ठेवणारा द्रव लावला आणि नेमके तुम्ही उगवलात.

"नाव काय तुमचं?"

मी तोंडाकडे बोट दाखवलं.

"ऐकू येत नाही का?"

साहेबानं दोनदा विचारावं आणि मी गप्प राहावं? अशी वेळ तीस वर्षांत आली नव्हती! तोंड मिटलं आणि नाव, हुद्दा, निवृत्तीची तारीख, सगळं घडाघडा सांगून टाकलं. कापूस घशात, दाढ पाण्यात!

"मामाऽऽ!"

पुन्हा धुणं, पुन्हा सुकवणं, पुन्हा द्रव. एक थर बसला, दुसरा बसला. तिसऱ्याच्या वेळी तुम्ही पुन्हा वाकलात. "त्रास नाही ना होत?"

"अजिबात नाही साहेब!"

झालं! भाचीनं कपाळाला हात लावला. सगळं उकरून काढलं तेव्हा घड्याळात सात मिनिटं उरली होती. बिचारीनं शेवटी गोळा कोंबला, दिवा धरला आणि डोळे मिटले.

तुम्ही दाढेवर गार पाणी सोडलंत. "काही जाणवतंय?"

या वेळी भाचीनं शपथ घातली होती, ब्र काढायचा नाही! नाही काढला. पण पाणी फटीतून थेट मेंदूत गेलं. गुडघा वर उडाला, ट्रे छताकडे गेला आणि चिमटा तुमच्या खिशात पडला.

निकालपत्रावर तुमच्या हातचा शेरा आहे: 'कडेनं गळती. पेशंटची निवड चुकीची.' माझी निवड चुकीची! दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. भाचीनं तर 'मामा' म्हणणंच सोडलंय, 'ते' म्हणते.

सहा महिन्यांनी तिची परीक्षा पुन्हा आहे. माझी उजवीकडची दाढ किडायला लागली आहे, प्रगती चांगली आहे. त्या दिवशीही तुम्हीच असाल तर आत्ताच लेखी कळवा: साहेबांनी काही विचारलं, तर उत्तर न देण्याची मला परवानगी आहे का?