चांगल्या स्थितीतला खड्डा

१९५६च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली. आमच्या राज्याचं नाव तेच राहिलं, राजधानी तेवढी नागपूरहून उठून भोपाळला गेली, आणि सौंसर तहसील जागची न हलता तिच्या मागोमाग गेली. त्यामुळे आमच्या पुलाखालचा खड्डा आपोआप भोपाळच्या अखत्यारीत आला.

खड्डा पुराचा होता. दरसाल नदीचं पाणी मधल्या खांबाशी भोवरा धरी आणि पायाखालची माती उकरून नेई. उन्हाळ्यात तिथे म्हशी डुंबत. पूल गेला की सौंसरची वाट बंद, आणि सरकारी दवाखाना सौंसरलाच. आमच्या गुणवंताची लेक सुधा श्रावणात पहिलटकरीण म्हणून माहेरी राहणार होती, त्यामुळे त्यानं अर्जावर अर्ज केले. अखेर चैत्रात निरोप आला, की पुलाचा पाया तपासायला भोपाळचे साहेब येत आहेत.

गावाची झोप उडाली. सरपंच यशवंतरावांनी तातडीची सभा घेतली.

"नव्या राज्याचा पहिला साहेब येऊन राहिला," ते म्हणाले, "अन् आपण त्याले खड्डा दाखवाचा? मराठी माणसाचं नाक कापलं जाईन!"

"पण तो खड्डाच पाहाले येऊन राहिला ना दादा," गुणवंता म्हणाला.

"पाहू दे ना बाप्पा! पण चांगल्या स्थितीत पाहू दे."

हेडमास्तर प्रभाकर गुरुजी शाळातपासणीच्या तयारीत मुरलेले. त्यांच्या देखरेखीखाली आधी म्हशी हटल्या. मग साहेबांचा पाय घसरू नये म्हणून काठ उतरता केला. उतरलेले साहेब थेट खड्ड्यात गेले तर काय, असं कोणीतरी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. खड्डा रेती-मुरमानं तात्पुरता बुजवायचं ठरलं.

"अर्ज तुझा, तं गाडीही तुझीच पाह्यजे," यशवंतराव गुणवंताला म्हणाले.

तोही न्यायच होता. गुणवंताच्या बैलांनी खड्डा भरला. खांबाला वरपर्यंत चुना फासला, त्यात जुन्या पुरांच्या खुणा गेल्या. भरलेल्या रेतीवर शकुबाई सुईणीनं रांगोळी काढली.

साहेबांनी रांगोळी चुकवून मोजपट्टी टेकवली. खोली शून्य.

"गड्ढा कहाँ है?"

"याच रेतीखाली हाये साहेब," गुणवंता पुढे झाला.

"रेत किसने डाली?"

गुरुजी त्याच्या कानाशी लागले. "सरकारी पुलाखाली भर टाकणं गुन्हा हाये गुणवंता. अन् गाडी तुझी होती."

गुणवंता मागे सरला. साहेबांनी पांढऱ्याशुभ्र खांबाकडे पाहिलं. "बाढ़ का पानी कहाँ तक आता है?"

"आपकी कृपा से," यशवंतराव विनयानं म्हणाले, "बेताचंच."

अहवाल आला : पाया उत्तम, पुरापासून धोका नाही, ग्रामस्थांचा उत्साह अनुकरणीय. तो आम्ही चावडीत टांगला. शेजारच्या गावानं तर साधा कचराही उचलला नव्हता. तिथल्या पुलाखालच्या खड्ड्यात साहेब कमरेइतके गेले आणि त्या पुलाची दुरुस्ती जागेवर मंजूर झाली. त्या गावाच्या बेइज्जतीवर आम्ही महिनाभर हसलो.

श्रावणातल्या पुरानं आधी आमची रेती नेली, मग खालची माती नेली, मग मधला खांब खाली बसला आणि पूल मोडला. सुधाला कळा सुरू झाल्या होत्या. गाडी काठावरच अडली, आणि तिथेच, भर पावसात, शकुबाईनं तिची सुटका केली. मुलगी जगली. सुधा मात्र कित्येक दिवस जगते की जाते अशी होती. गावाला फार वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. गुणवंताच्या दारावरून जाताना आम्ही माना खाली घालू लागलो.

पुन्हा अर्ज गेला. उत्तर आलं, की उत्तम ठरलेला पाया खचणं नियमात बसत नाही, तरी साहेब पुन्हा स्वतः येऊन पाहतील.

पुन्हा सभा भरली.

"मोडका खांब दाखवाचा का साहेबाले?" यशवंतरावांनी विचारलं.

सगळ्यांनी गुणवंताकडे पाहिलं. तो उठला, गाडीत अजून पडून असलेली सुधाची त्या रात्रीची गोधडी बाहेर काढली आणि रेती आणायला बैल जुंपले.

हसताय? हसा. फक्त तुमच्याकडे साहेब आले होते तेव्हा तुम्ही काय बुजवलंत, आणि गाडी कोणाची नेलीत, तेवढं आठवून पाहा.