पुलावर आडवे चाला

कालव्यावरच्या पादचारी पुलाला खालून तडे गेले होते. खात्याने त्याच्या पोटाला कार्बनच्या धाग्यांचं कापड चिकटवून घ्यायचं ठरवलं. हे कापड मोठं गुणी. वजनाला हलकं, आणि धाग्यांच्या दिशेने ओढलं तर पोलादाला लाजवणारं. आडवं ओढलं तर मात्र सगळी भिस्त मधल्या डिंकावर, आणि डिंक तो डिंकच. म्हणून धागे पुलाच्या लांबीला धरून लावावेत, असं नकाशात स्पष्ट लिहिलं होतं.

पण मोठ्या साहेबांनी हौसेने कापडावर खात्याचं नाव छापून घेतलं होतं. नकाशाप्रमाणे लावलं, तर खाली काठावरच्या उद्घाटनाच्या मांडवातून ती अक्षरं आडवी दिसणार आणि पाहुण्यांना मान वाकडी करावी लागणार. नाकापेक्षा मोती जड झाला. कंत्राटदाराने कापड फिरवून लावलं. नाव सरळ आलं, धागे आडवे गेले.

खात्याच्या प्रयोगशाळेतला तपासनीस अठरा वर्षं मशीनमध्ये तुकडे तोडत आला होता. पुलावर जसं लावलंय तसाच तुकडा कापायचा, हा त्याचा नेम. त्याने तो लावला, ताण वाढवला, आणि ठरलेल्या भाराच्या दहाव्या हिश्शालाच कट्‌ असा आवाज झाला. पोलाद निदान वाकतं, कुरकुरतं, माणसांना पळायला वेळ देतं. हे कापड निरोपही न घेता जातं. तपासनिसाची मुलगी रोज सकाळी त्याच पुलावरून शाळेला जायची. त्याने ‘नापास’ लिहिलं आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो शांतपणे वाचला. "तुकडा फिरवून लावा," ते म्हणाले.

"पण साहेब, पुलावर तो तसा नाहीये."

"मशीनमध्ये तर राहील ना?"

फिरवलेला तुकडा मशीनलाच दमवून गेला. अहवाल पास झाला. तरीही तपासनिसाने धीर करून सांगितलं, की माणसं पुलाच्या लांबीने चालतात, आणि ताकद आहे रुंदीत. साहेबांनी यावर मनापासून विचार केला. त्यांच्या लक्षात आलं, की म्हणजे दोष कापडाचा नाही, चालणाऱ्यांचा आहे. त्यांनी लगेच फलकाचा मजकूर सांगितला: ‘सदर पुलाची ताकद रुंदीच्या दिशेने असल्याने नागरिकांनी त्याच दिशेने चालावे. उल्लंघन केल्यास पुलाची जबाबदारी नागरिकांवर राहील.’

"खाली तपासनिसाची सही लागेल," साहेब म्हणाले.

तपासनिसाने पेन खाली ठेवलं. "साहेब, माझी मुलगी जाते हो त्या पुलावरून."

साहेब खरोखर विरघळले. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? तिला गिरणीच्या रस्त्याने पाठवा. माझा नातूही तिकडूनच जातो."

तपासनिसाने सही केली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

फलक लागला. लोकांनी तो वाचला आणि पाळला. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत जायचं, तिथे वळताना वीतभर पुढे सरकायचं, की पुन्हा माघारी. पूल ओलांडायला पाऊण तास लागू लागला. तक्रार एकच आली, की फलकावरची अक्षरं जरा बारीक आहेत.

दुसऱ्या आठवड्यात तपासनीस मुलीला घेऊन गिरणीच्या रस्त्याने निघाला.

"बाबा, पूल मोडलाय का?"

"छे गं. चाललेलं बरं असतं."

वाटेत नातवाचं बोट धरलेले साहेब भेटले. मागून दोन्ही मुलांना घेऊन कंत्राटदार आला. नकाशा काढणारी बाई आपल्या म्हाताऱ्या आईला हात देत येत होती. सकाळची हवा चांगली असते, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पुलाचं नाव कुणी काढलं नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची.

गिरणीच्या वळणावरून पूल दिसतो. तपासनिसाने एकदाच तिकडे पाहिलं. पुलावर तुम्ही होता, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, अगदी फलकाप्रमाणे चालत.