अर्धी पोकळ गिटार आणि पूर्ण घाबरलेले डॉक्टर

"अर्ध्या तासात गिटार निवडून बाहेर पडतो की नाही बघ!" असं दातांच्या डॉक्टरांनी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्यांना खोलीत कोंडून बाहेरून कडी घालायला हवी होती.

गिटारपायी त्यांनी कित्येक आठवडे घरादाराचं डोकं खाल्लं होतं. गिटार हवी ती इलेक्ट्रिकच, पण जुन्या घडणीची. अर्धी पोकळ, अर्धी भरीव. मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळी आणि पोटावर दोन लांबट, नागमोडी खाचा.

"म्हणजे किडलेली?" बायकोने विचारलं.

"अगं, किडलेली काय! आवाज त्या खाचांमधूनच घुमतो!"

बायको एका मोठ्या शाळेत मुख्याध्यापिका होती. तिने नुसती मान वर केली की सभागृहातली शेवटची रांगसुद्धा चिडीचूप व्हायची. "घुमू दे," ती म्हणाली. "दुपारी शाळा सुटली की मी तिकडेच येते. आणि अहो, तेवढी अंगठी सांभाळा."

हे 'तेवढी' फार जड होतं. लग्नाच्या दोन अंगठ्या डॉक्टरांनी आजवर हरवल्या होत्या. पहिली एका आजोबांच्या कवळीच्या साच्यात गेली होती. दुसरी रबरी हातमोज्यासकट कचऱ्यात गेली. दुसऱ्या वेळी बायको ओरडली नाही, रागावली नाही. ती गप्प बसली. आठवडाभर त्या घरात फक्त चमच्यांचे आवाज येत होते! पैलवानांच्या अक्कलदाढा हसत हसत उपटणारे डॉक्टर त्या आठवड्यात स्वतःच्या स्वयंपाकघरात चोरपावलांनी फिरले. आता बोटात तिसरी अंगठी होती आणि तसा आठवडा पुन्हा वाट्याला आला तर आपलं काही खरं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुपारी दवाखान्यातून ते हत्यारांच्या पिशवीसकट थेट गिटारच्या दुकानात गेले. दारातच पाटी होती : 'अंगठी, घड्याळ, पट्टा काढा. मगच गिटारला हात लावा. ओरखडा उठला तर गाठ माझ्याशी आहे.'

ज्याच्याशी गाठ होती तो मालक समोरच उभा होता. दारात मावणार नाही असा देह, भरघोस मिशा आणि घट्ट मिटलेलं तोंड. डॉक्टरांना पाहताच त्याचा चेहरा पडला. एक हात गालावर ठेवून तो दोन पावलं मागे सरकला आणि डोळे वटारून बघत राहिला.

'काय माणूस आहे!' डॉक्टरांच्या मनात आलं. 'हात लावायच्या आधीच खाऊ की गिळू!'

त्यांनी घाईघाईने घड्याळ काढलं, पट्टा काढला. पँट लगेच खाली सरकायला लागली, ती एका हाताने धरली. अंगठी काढून शर्टाच्या खिशात टाकली. त्याच खिशात, लोक पेन ठेवतात तसा, त्यांचा दात तपासायचा चिमुकला आरसा नेहमी असायचा.

भिंतीवर दोन गिटारी टांगल्या होत्या. एक लाल, पिकलेल्या चेरीसारखी. दुसरी मधाच्या रंगाची. डॉक्टरांनी लाल गिटार मांडीवर घेतली, एक तार छेडली आणि त्यांच्या अंगावर काटाच आला. असा गोड, उबदार, घुमणारा आवाज! हीच ती! पण दोन पाहिल्याशिवाय निवडली असं कसं म्हणायचं? म्हणून लाल परत टांगून त्यांनी मधाच्या रंगाचीही घेतली. तिची मान जाडजूड, आवाज सर्दी झाल्यासारखा. नापास!

आता ती तिथल्या तिथे खाली ठेवायची की नाही? पण डॉक्टरांच्या समोर खाच होती. आणि वीस-बावीस वर्षं ज्याने भोकं दिसली की आत डोकावण्याचाच धंदा केला, त्याला राहवतंय कुठे! मालकाची पाठ वळलेली बघून त्यांनी सवयीने खिशातला आरसा काढला. आरशाबरोबर अंगठीही बाहेर आली. गिटारच्या पोटावर एकदा टणकन उडाली आणि खाचेतून आत गडप झाली.

खुळ्ळ!

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी गिटार तिरकी केली. खुळ्ळ. उपडी केली. खुळखुळ. अंगठी त्या पोकळीतल्या वायरींच्या गुंत्यामागे कुठेतरी फिरत होती, पण खाचेशी येईल तर शपथ! त्यांनी गिटार डोक्यावर धरून हलवायला घेतली, आणि पँट सोडावी लागल्यामुळे दोन्ही गुडघे एकमेकांवर घट्ट दाबून धरले.

"काय?" मालकाने ओठ न उघडताच विचारलं.

"वजन बघतोय!" डॉक्टर म्हणाले. आरसा त्यांनी बाहीत सरकवला होता.

कपाळावरचा घाम पुसून मालक पुन्हा दोन पावलं मागे गेला. डॉक्टरांना वाटलं, आता हा धावून येण्यासाठी जागा करतोय.

तेवढ्यात दार ढकलून एक उंच बूट घातलेली गायिका आत आली. तिने दुकानभर नजर फिरवली आणि नेमकं डॉक्टरांच्या हाताकडे बोट दाखवलं. "ती मधाच्या रंगाची! तुमची बघून झाली की मला द्या हं."

"नाही झाली!" डॉक्टर किंचाळले.

"मग मी थांबते."

"थांबू नका! म्हणजे... मी हीच घेतोय."

"पण तुम्ही तर लाल वाजवून डोळे मिटले होते. मी काचेतून बघितलं."

"ते... डोळ्यांत काहीतरी गेलं होतं."

"बरं बाई," असं म्हणून गायिकेने लाल गिटार उतरवली, मांडीवर घेतली आणि वाजवू लागली. तो उबदार आवाज दुकानभर पसरला. डॉक्टरांच्या काळजात कळ उठली. पण तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती.

"बांधून द्या," गडबडीत ते मालकाला म्हणाले आणि गिटार पुढे केली. व्हायचं तेच झालं.

खुळ्ळ!

मालकाच्या भुवया वर गेल्या. त्याने गिटार काढून घेतली, कानाशी नेऊन हलवली. चेहरा आणखी काळवंडला. मिटल्या ओठांतूनच तो पुटपुटला, "सुटलंय काहीतरी. ही नाही विकायची. कारखान्यात परत."

"परत? कुठे?"

"दुसऱ्या देशात."

आपली अंगठी बोटीत बसून समुद्रापार चालली आहे आणि आपण घरी चमच्यांचे आवाज ऐकत बसलो आहोत, असं चित्र डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्यातच फोन वाजला. "पोचलेच हं," पलीकडून मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "कोपऱ्यावर गाडी लावतेय."

आता लाज बाळगून चालणार नव्हतं. डॉक्टरांनी पिशवी उघडली. लांब, वाकड्या टोकाचा चिमटा बाहेर काढला. बाहीतला आरसा काढला आणि दोन्ही हातांत दोन हत्यारं धरून ते मालकाकडे निघाले. "घाबरू नका," ते सवयीने म्हणाले. "एका मिनिटाचं काम आहे. दुखणार नाही."

मालक किंचाळला. दुकानातल्या यच्चयावत तारा थरथरल्या!

"डॉक्टर, नको! पाया पडतो! मी येणारच होतो!"

ओरडताना त्याचं तोंड पहिल्यांदा उघडलं. डॉक्टरांची नजर आपोआप आत गेली, खाली डावीकडे वळली आणि जागच्या जागी थांबली.

"अरेच्चा! खालची डावी दाढ! तात्पुरतं सिमेंट भरलेली! तुम्ही ते, रूट कॅनाल अर्धं टाकून खिडकीतून पळाला होता ते!"

मालकाने डोळे घट्ट मिटून मान हलवली. डॉक्टरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. माणसं त्यांना खुर्चीत आडवी, उलटीच दिसायची. दाढ मात्र ते जन्मात विसरत नसत.

"तुम्ही दुकानात शिरलात तेव्हाच मला कळलं," मालक रडवेला होऊन म्हणाला. "मला शोधत आलात. आल्या आल्या घड्याळ काढलंत, अंगठी काढलीत. स्वतःच्याच पाटीचं भान राहिलं नाही; म्हटलं, आता इथेच धरून उपटणार! तोंडच उघडलं नाही मी."

"अहो, मीच तुम्हाला टरकून होतो! माझी अंगठी पडलीय त्या गिटारीत!"

मग दाढेला आज हात लावणार नाही असं डॉक्टरांनी वचन दिल्यावर मालकाने गिटार काउंटरवर आडवी धरली आणि मोबाइलचा उजेड खाचेवर पाडला. डॉक्टर गुडघ्यांवर बसले. डाव्या हातात आरसा, उजव्या हातात चिमटा. पँट देवाच्या भरवशावर.

"जरा मोठा आ करा," ते गिटारला म्हणाले. "शाब्बास. आता अजिबात हलायचं नाही."

त्यांच्या पाठीमागे गायिका काउंटरवर पैसे ठेवून, लाल गिटार पेटीत घालून केव्हाच बाहेर पडली होती, हे दोघांनाही कळलं नाही. चिमट्याच्या टोकाला काहीतरी लागलं. निसटलं. पुन्हा लागलं. डॉक्टरांनी श्वास रोखला आणि हळूहळू ओढत अंगठी बाहेर काढली.

"मिळाली!" ते ओरडले आणि अंगठी उंच धरून मागे वळले.

दारात मुख्याध्यापिकाबाई उभ्या होत्या.

त्यांनी गुडघ्यांवरचा नवरा पाहिला. चिमटा पाहिला. पँटची अवस्था पाहिली. एक अक्षर बोलल्या नाहीत. झालं, गप्प बसल्या! डॉक्टरांचा धीर सुटला. पाटीपासून दाढेपर्यंत सगळं त्यांनी एका दमात ओकून टाकलं आणि शेवटी म्हणाले, "पण हरवली नाही गं! ही बघ! मी हिच्यासाठी जिवाचं रान केलं!"

"त्या अंगठीसाठी?" बाईंच्या चेहऱ्यावर भलतेच भाव आले. त्यांनी पर्स उघडली, आतून एक कागदाची पुडी काढली आणि काउंटरवर उलटी केली. तशाच हुबेहूब पाच-सहा अंगठ्या टणटणत बाहेर पडल्या. "अहो, पितळेची आहे ती. वर नुसतं सोन्याचं पाणी दिलंय. दुसरी हरवली तेव्हा तुम्ही आठवडाभर घरात चोरासारखे वावरत होतात. मला ते बघवेना, तोंडातून शब्द फुटेना. म्हटलं, आता खरी नकोच."

"म्हणजे तू रागावली नव्हतीस?"

"नाही हो."

"मग हे आधी सांगायचंस ना मला!"

"सांगितलं असतं तर जपली असतीत का?"

डॉक्टरांनी अंगठी निमूटपणे बोटात चढवली. मालक पँटचा पट्टा त्यांच्या हातात देऊन अदबीने बाजूला झाला.

"बरं, ते जाऊ दे," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "गिटार कुठली निवडलीत?"

डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिलं. लाल गिटारच्या जागी रिकामा खिळा होता. मग त्यांनी काउंटरवरच्या त्या जाड मानेच्या, सर्दी झालेल्या गिटारकडे पाहिलं.

"हीच," ते म्हणाले. "मघापासून माझा सगळा जीव हिच्यातच अडकला होता."