हात हलवणारं मृगजळ

मुलीला मागणी घालायला पाहुणे यायचे त्याच दिवशी मबरूकाला मिठाई कमी पडेल असं वाटू लागलं, आणि त्यामुळे तिच्या नवऱ्याला, लमजदला, तिला घेऊन भर उन्हात कबिलीहून तोझरला जाऊन यावं लागलं. येताना मागच्या सीटवर खजूर भरलेल्या मकरूदचे डबे होते, शेजारी घामाने निथळणारी मबरूका होती, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना शत्तचं मिठाचं मैदान आभाळाला टेकेपर्यंत पसरलेलं होतं.

शत्त हा लमजदचा खास विषय. उन्हाळ्यात तिथे काय काय दिसतं हे तो कॅफेत बसून तासन्‌तास सांगायचा. नसलेलं पाणी, उलटी झाडं, अधांतरी चालणारे उंट. परगावचे लोक फसतात, गाड्या थांबवून फोटो काढतात, आपण मात्र जन्मात कधी फसलो नाही, असं तो छातीठोकपणे म्हणे. आणि ते खरंही होतं.

"तिकडे आत बघ," मबरूका म्हणाली. "गाडी आहे का रे ती? माणसंही दिसतायत."

दूरवर पाण्यासारखं काहीतरी चमकत होतं. त्यात एक पांढरा ठिपका आणि त्याच्याभोवती काठ्यांसारख्या तीन आकृत्या.

"मृगजळ," लमजद म्हणाला.

"पण हात हलवतायत."

"हवा हलतेय. एवढं आयुष्य इथे गेलं तुझं, अजून कळत नाही?"

"एकाच्या हातात फडकं आहे, लमजद."

लमजदला हसू आवरेना. त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि एखाद्या मंत्र्यासारखा ऐटीत हलवला. "घे, मीही हलवतो. झालं समाधान?"  मबरूका मात्र बराच वेळ मागे वळून बघत राहिली.

पाहुणे नेफ्ता गावचे. दुपारच्या नमाजानंतर लगेच येतो म्हणाले होते. दुपार कलली, कुसकुस दोनदा वाफवून झाला, तरी दारात कोणी नाही. फोन करून बघू असं मबरूकाने सुचवलं, तेव्हा आपण मुलीकडचे, आपण मागे लागायचं नाही, असं लमजदने बजावलं. मग त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आधी मुलाचे वडील हाजी तिजानी यांच्या रीतभातीवर, मग सगळ्या नेफ्तावर, मग हल्लीच्या मुलांवर. दूझ गावी राहणाऱ्या भावाला फोन लावून हे स्थळ काही खरं नाही, असंही त्याने कळवून टाकलं. मुलगी शैमा नवा पोशाख घालून स्वयंपाकघरात डोळे पुसत बसली होती.

"बाबा, काहीतरी झालं असेल त्यांना," ती म्हणाली.

"झालंय एवढंच, की त्यांना शब्दाची किंमत नाही."

दिवस मावळायच्या सुमारास दाराशी मिठाचा एक ट्रक थांबला. मागच्या फळीवरून हाजी तिजानी उतरले, मग त्यांची बायको, मग मुलगा शादली. तिघांची तोंडं विटेसारखी भाजली होती, पाय गुडघ्यापर्यंत मिठाने पांढरे झाले होते, आणि हाजींच्या एकाच पायात चप्पल होती.

अंगण ओलांडून सगळे घरात आले. पाणी पिऊन झाल्यावर हाजींनी हकिकत सांगितली. कबिली जवळ आल्यावर बायकोला चांगले कपडे चढवायचे होते. रस्त्यावरून कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून गाडी जरा आत मिठावर नेली, तर पापुद्रा फुटून चाकं रुतली. फोनला रेंज नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली, तेव्हा जीव खाऊन हात हलवले.

"हिरवी गाडी होती. एक दार पांढरं," हाजी शांतपणे म्हणाले. "आतल्या माणसानेही हात हलवला. हसत होता, असं हिचं म्हणणं."

ती गाडी आपलीच, हे लमजदला कळलं. चहाचं निमित्त करून तो अंगणात धावला आणि सापडतील तेवढी हिवाळ्यातली घोंगडी त्याने आपल्या गाडीवर टाकली. परत येऊन बसतो न बसतो तोच हाजींनी विचारलं, ट्रक तर गेला, आता आम्हाला नेफ्ताला तुम्हीच सोडाल ना? आपली गाडी बंद आहे, असं लमजद बोलून गेला.

"मग शादली बघेल की," हाजी म्हणाले. "गॅरेज आहे त्याचं."

लमजद त्याच्या मागोमाग गेला तेव्हा शादलीने एका बाजूचं घोंगडं उचललेलं होतं. पांढऱ्या दाराकडे तो क्षणभर बघत राहिला. मग घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "बॅटरी उतरलीय, बाबा." आणि हळूच लमजदला म्हणाला, "घोंगडं नीट ओढून घ्या. दार दिसतंय."

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तरी लमजदला इतकं लागलं नसतं. याच पोराला शब्दाची किंमत नाही, असं तो तासाभरापूर्वी म्हणाला होता.

जेवायला बसल्यावर लमजद ताटातला कुसकुस चमच्याने नुसताच चिवडत राहिला. समोर हाजींची बायको भाजलेल्या हातांनी पेला धरून बसली होती. मबरूका त्याच्याकडे बघत होती. शेवटी त्याने चमचा खाली ठेवला.

"हाजी, ती गाडी माझी. हात हलवणारा मीच. मला वाटलं, मृगजळ आहे."

हाजींनी तोंडातला घास सावकाश संपवला. "माहीत आहे. आत येतानाच अंगणात दिसली. तेव्हा घोंगडी नव्हती तिच्यावर."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाच्या घरची मुलगी घेतोय, ते बघायचं होतं. तुम्ही स्वतःहून सांगाल याची जेवण होईपर्यंत वाट बघायची, नाहीतर उठून जायचं, असं ठरवलं होतं, लमजदभाऊ. ट्रकवाल्याला परत यायला सांगून ठेवलंय." मग ते मुलाकडे वळले. "आणि हा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलला, तेही तुमच्यासाठी. म्हणजे मुलगी याला फारच पसंत असावी."

शादलीने मान खाली घातली. स्वयंपाकघराच्या दारातून शैमा पटकन आत सरकली.

मग फातिहाची प्रार्थना म्हटली गेली आणि सोयरीक पक्की झाली. सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवून खाली घेतले, बायकांचा जल्लोष सुरू झाला, तरी लमजदचे हात तोंडावरच होते. बापाचं काळीज, मुलगी जाणार म्हणून रडत असेल, असं म्हणून हाजींच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. मबरूकाने तिचा गैरसमज दूर केला नाही.