खंडारेमामांची पाणसाळ

खंडारेमामांची पँट मी गुडघ्याखाली उतरलेली कधी पाहिली नाही.

वाशीमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट होते. खाकी पँट, पांढरा शर्ट, आणि पँटचे दोन्ही पाय दुमडून गुडघ्यापर्यंत वर. प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नाला ते नवा शर्ट घालून, अत्तर लावून आले होते, पण पोटऱ्या उघड्याच. मी हळूच विचारलं तर म्हणाले, "सर, पानी कुठं लागंन, सांगता येते काय?" मांडवात पाणी लागलं ते हात धुवायलाच. पण माणूस तयारीत होता.

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी साताऱ्याकडचा. एम. एस्सी. झालो, अर्ज केला, आणि छोट्या रेल्वेच्या डब्यात हाडं खिळखिळी करून घेत इथे येऊन दाखल झालो. पहिल्याच दिवशी मामांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. काचा पुसता पुसता म्हणाले, "सर, भाताच्या फुलात पुंकेसर किती?"

गवताच्या फुलात पुंकेसर तीन असतात हे पुस्तकातलं बारावं पान मला पाठ होतं. मी ठासून सांगितलं, "तीन."

मामा काच पुसत राहिले.

तो जूनचा महिना. आश्विनात एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला ते पळत वर्गाच्या दाराशी आले. हातात बादली, बादलीत गवताचे चार ठोंब, पोटऱ्यांवर ओला चिखल. "सर, चला लवकर. फूल उघडलं. घंटाभरात मिटते." मी भिंगाखाली पाहिलं. एवढंसं हिरवं फूल, आणि त्यातून लोंबणारे पुंकेसर. मोजले. पुन्हा मोजले. सहा.

"बाकीच्या गवताले तीन," मामा म्हणाले, "भाताच्या खानदानाले सहा. एमेस्सीपर्यंत तीनच शिकवतात काय, सर?"

चार महिने त्यांनी माझी ही चूक कोणालाही सांगितली नाही. पुरावा हाती नव्हता ना! त्या दिवशी मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॉलेजच्या माळ्यालासुद्धा ठाऊक झाली.

ते गवत म्हणजे रानातला भात. वऱ्हाड ज्वारी-कापसाचा मुलूख. इथे भात शिजतो तो सणावारी. पण अनसिंगच्या रस्त्याला एक जुनं गावतळं होतं. त्याच्या काठच्या उथळ पाण्यात हा भात आपोआप उगवायचा. कोणी पेरत नसे, कोणी निंदत नसे. गावातले लोक त्याला देवधान म्हणत. मामांना तो शब्द आवडायचा नाही. "देवानं काय केलं त्याच्यात? पानी तळ्याचं, चिखल तळ्याचा. पाणसाळ म्हना." आणि बोलताना ते तिला नुसतं 'बाई' म्हणत. "बाई यंदा उशिरा फुलली." "बाईले म्हशीचा लय राग हाये." नव्या माणसाचा हमखास गैरसमज व्हायचा. आमच्या नव्या हेडक्लार्कनं तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "खंडाऱ्यांच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

भाद्रपद आला की गावातल्या बायका मामांची आठवण काढत. ऋषिपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून हे न नांगरलेलं धान्य लागतं. प्राचार्यांच्या पत्नी स्वतः प्रयोगशाळेत आल्या. "मामा, मूठभर देवधान मिळेल का? बैलाच्या कष्टाचं नको, एवढंच."

मामांनी औषधांच्या कपाटातून मागच्या सालचे दाणे ठेवलेली बरणी काढली. पुडी बांधता बांधता म्हणाले, "बाईसाहेब, बैलाचे कष्ट नाही चालत. मानसाचे चालतात काय तुमच्या ऋषीले?"

बाई हसल्या. मामाही हसले. पण पुडीची गाठ त्यांनी जरा जास्तच आवळून बांधली, हे मला दिसलं. त्यामागचं कारण कळायला मला आणखी दोन वर्षं लागली.

प्रॅक्टिकल परीक्षेला विद्यापीठातून परीक्षक येत. ओळखायच्या नमुन्यांत मामा दरवर्षी गुपचूप एक पाणसाळ ठेवत. यादीत नसलेली! एका परीक्षकांनी ती उचलून नाक मुरडलं. "हे काय, साधा भात ठेवलाय?"

मामांनी नुसतं बोटानं लोंबीला टिचकी मारली. टपटप सगळे दाणे परीक्षकांच्या गुणपत्रिकेवर.

"साधा भात असा पडत नाही, साहेब. मानसानं पाळलेला भात इळ्याची वाट पाह्यते. ही कोनाची वाट नाही पाह्यत. पिकली का पडली. जिथं पडली तिथंच चिखलात निजते, आन् पुढच्या पान्याले उठते. मानूस हात लावायच्या आधी तिचा कारभार आटोपलेला असते."

परीक्षकांनी दाणे वेचून खिशात टाकले, आणि त्या वर्षी आमची सगळी पोरं पास झाली.

मग तो मोठा दुष्काळ आला. त्या साली पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. तळ्यात आषाढात घोटाभर पाणी आलं आणि श्रावणात आटलं. पाणसाळ वीतभर वाढून पिवळी पडली. एक लोंबी धरली नाही. कार्तिकात मामा तळ्यावर गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. कपाटातली बरणीही उपासाच्या पुड्यांत संपून गेली होती. त्या दिवशी त्यांनी तीन परीक्षानळ्या फोडल्या. एरवी त्यांच्या हातून काच फुटत नसे.

माघात बातमी आली, की दुष्काळी कामात त्या तळ्याचा गाळ उपसणार. मामांनी रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. कारण लिहिलं होतं, 'घरगुती'. मला राहवेना. मीही रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो.

तळ्याच्या तळाशी दोन-तीनशे माणसं खणत होती. बायका घमेली डोक्यावर घेऊन काठ चढत होत्या, आणि काठावरून गाड्या भरून गाळ कोणाकोणाच्या शेतात चालला होता. मामा तरातरा मुकादमापुढे जाऊन उभे राहिले.

"हा कोपरा सोडून द्या. याच्यात बी हाये."

"कायचं बी?"

"पाणसाळीचं. देवधानाचं."

मुकादम वैतागला नाही, उलट समजुतीनं म्हणाला, "मामा, गाळ नाही काढला तर पानी कुठं राहीन? आन् पानी नाही राह्यलं तर तुमचं धान कशात उगवीन?"

मामा तरीही म्हणाले, "एवढा एकच कोपरा." तेव्हा घमेलं घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. "काहून अडवून राह्यला, बाप्पा? याच गाळावर आमची चूल पेटून राह्यली. तो कोपरा म्हंजे आमचे आठ दिवस हायेत."

मग मामांनी फावडं मागून घेतलं, घासलेटचे दोन रिकामे डबे त्या कोपऱ्यातल्या चिखलानं भरले, आणि डबे बाजूला ठेवून दुपारपर्यंत त्या म्हातारीचं घमेलं वाहिलं. मीही दहा-बारा खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी मला पेन धरता येत नव्हतं.

परतताना एस. टी.त कंडक्टरनं डबे अडवले. "याच्यात काय हाये?"

"माती."

"माती कायले नेऊन राह्यले? जिवंत-बिवंत काही हाये काय याच्यात?"

"हाये," मामा म्हणाले, "पन निजेल हाये. आवाज करू नोका."

कंडक्टर पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि वाशीम येईपर्यंत मागे फिरकला नाही.

डबे प्रयोगशाळेच्या खिडकीखाली राहिले. मामांनी त्यांना मे महिन्यापर्यंत पाण्याचा थेंब दाखवला नाही. माती वाळून तिला भेगा पडल्या. मला वाटलं, सगळं मेलं. मामा म्हणाले, "तिले कोरडं पडू द्या लागते सर. उन्हाळा सोसल्याबिगर ती पान्यावर भरोसा ठेवत नाही." मग एक दिवस त्यांनी डब्यांत पाणी ओतलं. तेव्हा गावात पाणी चार दिवसांआड यायचं. कॉलेजच्या माठाला कुलूप होतं. मामा घरून रोज एक तांब्या आणत. कुठून काढत हे मी विचारलं नाही. त्या महिन्यात ते अंघोळ करत नसावेत, एवढं प्रयोगशाळेत सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं.

प्राचार्य एकदा डोकावले. "हा वास कसला? आणि पाणी कोण घालतंय? गावात प्यायला नाही!"

मामांचा चेहरा उतरला. मी पटकन म्हणालो, "सर, माझं संशोधन आहे." आयुष्यातलं माझं ते पहिलं संशोधन. प्राचार्यांनी मान हलवली आणि नाकाला रुमाल लावून गेले. त्या दिवसापासून मामा माझ्या चहात साखर जास्त घालायला लागले.

बारा-पंधरा दिवसांनी डब्यांत हिरवे कोंब आले. पन्नास-साठ तरी असतील. मी आनंदानं ओरडलो. मामांनी मला भिंग दिलं. "थांबा. याच्यात सावा हाये, बाकीचं गवतबी हाये. पातं जिथं दांडीले चिकटते तिथं पाहा. पांढरी जीभ दिसली तर आपली. सावा मुका असते, त्याले जीभ नाही."

मग आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून एकेक कोंब तपासत बसलो. मी सांगायचो, "नाही." मामा उपटायचे. "नाही." उपटायचे. अकराव्या-बाराव्या कोंबाला पानाच्या बगलेत कागदासारखी पातळ पांढरी जीभ दिसली.

"आहे, मामा!"

मामांनी माझ्या हातातून भिंग घेतलं, स्वतः पाहिलं, आणि शर्टाच्या बाहीनं भिंग पुसलं. मग डोळेही पुसले. "घाम येऊन राह्यला," म्हणाले. सगळ्या मिळून जीभवाल्या निघाल्या नऊ.

पाऊस वेळेवर आला. तळं भरलं, पहिल्यापेक्षा खोल भरलं. मुकादमाचं खरं होतं. आम्ही नऊ रोपं काठाच्या उथळ पाण्यात लावली. पुढचे सगळे रविवार मामांनी म्हशी हाकण्यात घालवले. गुराख्यांशी भांडले, मग त्यांना विड्या देऊन दोस्ती केली. दोन रोपं म्हशींनी खाल्ली, एक कुजलं. सहा वाढली. आश्विनात फुलली. दाणा भरत आला तसे मामांनी लोंब्यांना जुन्या धोतराचे तुकडे बांधले, पिकून गळाल्या तर दाणे फडक्यात पडावेत म्हणून.

कार्तिकातल्या एका सकाळी मीही गेलो होतो. मामांनी फक्त दोनच लोंब्या फडक्यासकट खुडून घेतल्या. बाकीच्या चार लोंब्या मोकळ्या करून पाण्यावर हलवल्या. दाणे चिखलात गेले. मग मामा पहिल्यांदाच म्हणाले, "सर, घरी चला."

तीन वर्षांत मी त्यांचं घर पाहिलं नव्हतं. रेल्वे लाइनीपलीकडच्या बौद्धवाड्यात दोन खोल्या, सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर. दाराशी मामा थांबले. हलक्या आवाजात म्हणाले, "माय हाये माही. चार साल झाले, तिले कोनी ओळखू येत नाही. मले ती डाकवाला समजते. कधी मास्तर समजते. तुमी वाईट नोका वाटून घेऊ."

मग त्यांनी सांगितलं. मामा लहान होते तेव्हा मायच त्या तळ्यातून देवधान गोळा करायची. गुडघाभर पाण्यात सूप घेऊन उभी राहायची. निवडक दाणे गावातल्या बायका उपासाला घेत, दारातूनच. उरलेल्या फुटक्या-लाल दाण्यांची पेज करून तिनं मामांना वाढवलं, शाळेत घातलं.

"आता तिले काहीच याद नाही," मामा म्हणाले. "पन सालातून एक दिवस हे धान हातात देतो, तर बोलते. माह्यं नाव घेते. मागल्या साली धानच नाही पिकलं. दोन साल झाले, तिच्या तोंडून माह्यं नाव नाही आलं."

आत भिंतीशी एक सुरकुतलेली बाई पाय पसरून बसली होती. मामांनी तिच्यापुढे बसून फडकं सोडलं आणि लोंबी तिच्या तळहातावर ठेवली.

पाणसाळीच्या प्रत्येक दाण्याला बोटभर लांब, खरखरीत कुसळ असतं. म्हातारीची बोटं त्या कुसळांवरून फिरली. एकदा, दोनदा. मग ती बोटं सराईतपणे दाणे चोळायला लागली.

"कुसळ नीट काढा लागते, बावा," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "लेकराच्या गळ्यात रुतते. माहा यशा लहान हाये."

मामा म्हणजे यशवंत खंडारे. हजेरीपटावरचं हे नाव कॉलेजात कोणी कधी उच्चारत नसे.

"कुठं गेला तुमचा यशा?" मामांनी विचारलं.

"शाळेत गेला ना. हुशार हाये लय. येईनच आता." तिनं मान वर करून मामांकडे पाहिलं, परक्या माणसाकडे पाहावं तसं, आणि बाजूचं पोतं त्यांच्याकडे सरकवलं. "बसा ना, भाऊ. त्याले भेटूनच जा."

"बसतो," मामा म्हणाले.

आणि ते पोत्यावर नीट मांडी घालून बसले.