वीसच्या खाली नाय

"ऐंशी!" हरेश ओरडला आणि दूध उतू जाताना धावावे तसा धावत जाऊन त्याने चार्जरची पिन उपटली.

लग्नाला निघायच्या तयारीत ओट्यावर बसलेल्या गिरजाने कपाळाला हात लावला. "अवो, आज तरी शंभर होऊ द्या. खर्डीपास्नं मुरबाड काय जवळ हाय?"

"ऐंशीच्या वर गेली का बॅटरीला सूज येते."

"सूज यायला ती काय दाढ हाय?"

हरेश वायरची गुंडाळी करत होता, तीही सैल, कारण वायर घट्ट गुंडाळली की आतून तुटते असे त्याला कोणीतरी सांगितले होते.

खरे तर इलेक्ट्रिक स्कूटर घेताना दुकानातल्या मुलाने एवढेच सांगितले होते, की रोजच्या वापरात बॅटरी वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे ती जास्त वर्षे टिकेल. सल्ला चांगला होता. पण भित्र्या माणसाला सल्ला दिला की तो त्याचा कायदा करतो. हरेश लहानपणापासून विहिरीत वाकून न पाहणारा माणूस. त्यात मोबाइलवर एक जळती स्कूटर त्याने पाहिली, आणि तेव्हापासून वीसचा आकडा त्याला गावाच्या वेशीसारखा वाटू लागला. वेशीबाहेर पाऊल टाकले की मानगुटीवर काहीतरी बसलेच म्हणून समजा.

आणि आज तर त्याच्या भाचीचे, समीक्षाचे लग्न होते. मुरबाडच्या अलीकडच्या गावात, संध्याकाळच्या मुहूर्तावर. मुलीला हात धरून मांडवात कोण आणतो? मामा. समीक्षाला मामा एकच होता. तो पोहोचला नाही, तर बाहेर अंतरपाट धरलेला आणि नवरी आत खोलीत, अशी वेळ यायची. बहिणीने, कमळने, "आदल्या दिवशीच ये रे" म्हणून बजावले होते. पण परक्या अंगणात उन्हात गाडी ठेवायची हरेशला भीती, म्हणून तो आजच निघाला.

आटगावच्या पुढे गेल्यावर गिरजाने मागून विचारले, "टोपली कुठं हाय?"

"कंची टोपली?"

"मामाच्या मानाची! साडी, बांगड्या, नारळ! पायाशी ठेवा म्हटलं ना मी?"

टोपली ओट्यावर होती. वायर गुंडाळायच्या नादात मानाची टोपली राहिली होती. गाडी मागे फिरली, टोपली घेतली, पुन्हा निघाली. या फेरीत बॅटरीचे बरेच टक्के गेले, आणि प्रत्येक टक्क्याबरोबर हरेशच्या तोंडचे पाणी थोडे थोडे पळत गेले. शहापूर मागे टाकून किन्हवलीच्या रस्त्याला लागेपर्यंत तो समोरच्या रस्त्यापेक्षा आकड्याकडेच जास्त बघत होता.

"बेचाळीस," तो पुटपुटला.

"खड्डा!" गिरजा ओरडली.

तेवढ्यात त्याच्या नाकात जळका वास शिरला. पाठीमागून धुराचा एक लोट त्याच्या खांद्यावरून पुढे आला. त्याने गाडी थांबवली, उडी मारली आणि "उतर! पेटली! उतर!" असे ओरडत तो थेट बांधापलीकडे जाऊन पालथा पडला.

गिरजा टोपली सांभाळत शांतपणे उतरली. शेजारच्या शेतात एक म्हातारा काठीने राब भाजत होता. पाला, शेण, गवत पसरून रोपाची जागा भाजायचे काम. हरेशने स्वतः जन्मभर केलेले.

"उठा," गिरजा म्हणाली. "राबाचा धूर हाय. कुणब्याच्या पोटी जन्मून राबाचा वास वळखता येइना? आनि मला तिथंच गाडीवर सोडून पळालात ते?"

"तुला हाक मारली ना!"

"बांधाच्या पल्याडनं!"

म्हातारा काठीवर टेकून हसत होता. "पाव्हनं, पानी आनू का?"

हरेशने सदरा झटकला आणि गाडी पुढे काढली. चढ आले, उतार आले. दोन माणसे, एक टोपली, वैशाखाचे ऊन. डोळखांब फाट्याच्या पुढे, आजूबाजूला घर नाही की दार नाही अशा ठिकाणी, आकडा वीसवर आला. हरेशने चावी फिरवली. गाडी बंद झाली.

"काय झालं?" गिरजाने विचारले.

"वीस."

"म्हंजी संपली?"

"संपली नाय. वीस हाय."

"मंग चालवा की."

"वीसच्या खाली नाय न्यायची. खाली गेली का बॅटरी मरते. बॅटरी मेली का गाडी मेली." असे म्हणून हरेश गाडी ढकलू लागला. गिरजा टोपली डोक्यावर घेऊन मागून चालू लागली. चालती गाडी हाताने ढकलत नेणारा तो त्या रस्त्यावरचा पहिलाच माणूस असावा.

मागून त्या रस्त्यावर माणसे ने-आण करणाऱ्या जैतूची जीप आली. आत माणसे कोंबलेली, मागे दोघे लटकलेले. जैतूने वेग कमी केला. "चार्जिंग संपली का हो?"

"नाय, वीस हाय," हरेश म्हणाला.

"मंग बिघडली?"

"बिघडू नये म्हनून ढकलतोय."

जीपमधले कोणीतरी म्हणाले, "ऊन लागलंय त्याला." दुसरा म्हणाला, "बाईला तरी बसवून घ्या रे."

"गाडी इथं कडेला लावा नि बसा दोघं," जैतू म्हणाला.

"कडेला? बॅटरी चोरतील!"

गिरजा मात्र टोपलीसकट जीपमध्ये चढली. आतून म्हणाली, "साडी येळेवर पोचंल. मामाचं तुमी बघा."

जीप गेली. रस्ता सुनसान झाला. सूर्य डोंगराकडे कलला होता. हरेश ढकलत होता आणि त्याच्या छातीत दोन भीती एकमेकींना ढुशा देत होत्या. चावी फिरवली तर बॅटरी मरेल. नाही फिरवली तर भाचीचा मुहूर्त जाईल. सागाचे वाळके पान जरी पडले तरी तो दचकत होता.

फोन वाजला. कमळ होती.

"कुठं हायस?"

"आलोच ताई, जरा..."

"गिरजानं सांगितलं मला. गाडी चालू हाय नि तू ढकलतोस?" कमळचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "हरेश, गाडी घेतल्यापास्नं तू एकदापन माझ्याकडं आला नायस. पयला एसटीनं यायचास, राहायचास. आता इचारलं का म्हनतोस, येऊन जाऊन वीसच्या खाली जातंय. भावाला बहीन वीसच्या खाली पडली काय रे?"

तेवढ्यात तिच्या हातून फोन कोणीतरी ओढून घेतला.

"मामा," समीक्षा म्हणाली, "तू आल्याबिगर मी खोलीतनं बाहेर येनार नाय. भटजी ओरडंना का."

फोन बंद झाला. हरेशने खिशातून चावी काढली. हात असा कापत होता की ती भोकात जाईना. शेवटी गेली. त्याने कुलदैवताचे नाव घेतले आणि गाडी सुरू केली.

आकडा एकोणीस झाला. हरेशने डोळे मिटले. मग चालत्या गाडीवर डोळे मिटणे बॅटरी मरण्यापेक्षा वाईट, हे ध्यानात येऊन लगेच उघडले. स्फोट झाला नाही. धूर नाही. अठरा. सतरा. गाडी आपली गुमान चालली होती. दहाला तिने शिट्टीसारखा आवाज काढला, तेव्हा हरेशनेही तसाच आवाज काढला. पाचला तिचा वेग बैलगाडीइतका झाला. मांडवाच्या दारात ती थांबली तेव्हा आकडा होता दोन.

भटजी घसा खाकरत उभेच होते. हरेश धुळीने माखलेल्या सदऱ्यात तसाच आत गेला आणि मामाच्या साडीतल्या समीक्षाचा हात धरून तिला मांडवात घेऊन आला. त्याचा हात अजून कापत होता. ते पाहून बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एक म्हातारी म्हणाली, "मामाचा जीव किती तो पोरीवर!" गिरजा फक्त छताकडे बघत राहिली.

जेवणाच्या पंगतीत हरेश नवऱ्यामुलाला, साईनाथला, आग्रहाने जिलेबी वाढायला गेला आणि वाढता वाढता हळूच म्हणाला, "जावईबापू, तुमची बी बॅटरीचीच गाडी ना? माझी दोनवर आली. मेली का ओ?"

साईनाथ हसला. "नाय मामा. वीस-ऐंशी ही रोजची सवय. अडीनडीला खाली गेली, नायतर लांब जायचं म्हनून शंभर केली, त्यानं काय होत नाय. फक्त गरम असताना लगेच चार्जिंगला लावू नका, नि रिकामी ठेवून महिना-महिना इसरू नका. एक-दोन दिवसानं काय फरक पडत नाय."

"एक-दोन दिवसानं नाय?" हे विचारले कमळने. ती हरेशच्या मागेच भाजीचे भांडे घेऊन उभी होती.

"कायबी नाय," साईनाथ म्हणाला.

गाडी गार झाल्यावर कमळने स्वतः आतल्या खोलीतून वायर आणली आणि चार्जर लावला. "आता भरंपर्यंत राहायला लागंल तुला," ती म्हणाली. पाठवणी झाली. मुलगी गेल्यावर घर एकदम मोठे वाटू लागले. बहीणभाऊ ओटीवर बसून जुन्या गोष्टी बोलत राहिले, आणि हरेशने त्या सगळ्या वेळात गाडीकडे एकदाही पाहिले नाही.

सकाळी निघायच्या वेळी त्याने चावी फिरवली. आकडा दोनच.

"ताई, भरलीच नाय गो!"

ओटीवर बसून तांदूळ निवडणाऱ्या कमळने मान वर केली नाही. "लाईट गेलती ना. अजून आली नाय."

तिच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. हरेशने पंख्याकडे पाहिले. मग बहिणीकडे पाहिले. गिरजा काही बोलणार होती, तिला त्याने हाताने गप्प केले.

"मंग आज बी राहावं लागंल," तो म्हणाला आणि चपला काढून आत आला.

"ऱ्हा की," कमळ म्हणाली आणि निवडलेल्या तांदळात आणखी दोन मुठी टाकल्या.